पाच दिवसांचा शिधा: ॲपलाशियन ट्रेलवर गावात उतरण्याचा दिवस

जास्वंद – १८ नोव्हेंबर २०२३

नमस्कार मंडळी,

यंदा मार्च-एप्रिलमध्ये मी ॲपलाशियन ट्रेलचा दक्षिणेकडचा तुकडा चालले. दिवाळीत फराळाला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: "इतके दिवस जंगलात, मग खाता काय?" कुणालाच धड उत्तर देता आलं नाही, कारण ते दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून एकाच दिवसाबद्दल लिहिते, शिधा भरण्याच्या दिवसाबद्दल. माझ्या मते चढ, पाऊस, अस्वलं या सगळ्यांपेक्षा या दिवशी केलेल्या चुका जास्त महागात पडतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही अमेरिकेतली पायवाट जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत जाते. १४ राज्यं, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. झाडांवर रंगवलेले पांढरे उभे पट्टे बघत चालायचं. पूर्ण वाट एका दमात करणारे पाच-सहा महिने चालतात. मी तुकडा-तुकडा करणारी. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला राहते, सुट्टी महिना-सव्वा महिन्याची होती आणि वय ५३.

तर एकतिसावा दिवस. मुक्काम वॉलनट माउंटन शेल्टरला होता. शेल्टर म्हणजे तीन बाजूंना लाकडी भिंती, चौथी बाजू उघडी, आत फळ्यांची जमीन. पहाटे झाडाला टांगलेली अन्नाची पिशवी खाली घेतली तेव्हा तिचं वजनच लागेना. आत एक टॉर्टिया, तळाला चिकटलेलं पीनट बटर आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर मेतकूट. बरणीत चमचा पोचेना म्हणून सुरीने बरणी उभी चिरली आणि टॉर्टियाच्या तुकड्याने पुसून घेतली. एवढाच नाश्ता.

अन्न संपत आलं की पाठ हलकी होते आणि पाय आपोआप उचलतात. त्यात समोर गाव असलं की विचारूच नका. ब्लफ माउंटनचा चढ एरवी मला जड गेला असता, तो कधी संपला कळलं नाही. तिथून हॉट स्प्रिंग्जपर्यंत सुमारे हजार मीटरचा उतार आहे. वर झाडं अजून निष्पर्ण, खाली येऊ तसा हिरवा रंग चढत जातो. उताराच्या मध्यावर ट्रिलियमची पांढरी तीन पाकळ्यांची फुलं जमिनीवर अंथरल्यासारखी होती. त्या दिवशी एकूण २१ किलोमीटर झाले, दुपारी दोनच्या आत गावात.

हॉट स्प्रिंग्ज हे नॉर्थ कॅरोलायनातलं जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. इथे ट्रेल गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते. खांबांवर तेच पांढरे पट्टे, फुटपाथमध्ये ट्रेलची खूण बसवलेली. बहुतेक गावांसाठी ट्रेल सोडून अनोळखी गाडीला अंगठा दाखवावा लागतो, इथे चालत चालतच दुकानाच्या दारात. (गावात खरोखर गरम पाण्याचे झरे आहेत. पहिल्या महायुद्धात इथल्या मोठ्या हॉटेलात दोन हजारांवर जर्मन नागरिक, मुख्यतः जहाजांवरचे खलाशी, नजरकैदेत ठेवले होते. फ्रेंच ब्रॉड नदीकाठी बसले असताना ते सारखं मनात येत होतं. घरापासून इतक्या लांब, तेही डोंगरांच्या कुशीत, समुद्राची माणसं.)

आता मुद्द्याचं.

पहिलं: आधी जेवा, मग दुकानात जा. हे मी शिकले ते एका आधीच्या गावात. उपाशीपोटी दुकानात शिरले आणि जे डोळ्यांना दिसलं ते टोपलीत टाकलं. बाहेर येऊन पाठीला लावलं तर जवळजवळ आठ किलो नुसतं खाणं. पुढचे दोन दिवस उजवा गुडघा ठणकत राहिला आणि तिसऱ्या दिवशी दोन किलो सामान दुसऱ्यांना वाटून टाकलं. म्हणून हॉट स्प्रिंग्जला पाठपिशवी टेकवली आणि आधी पोटभर जेवले. तासाभराने दुकानात गेले तेव्हा डोकं ठिकाणावर होतं.

दुसरं: यादी डोंगरात लिहा. आदल्या रात्री स्लीपिंग बॅगेत बसून लिहायची. या चार दिवसांत काय खावंसं वाटलं, काय पाठीवर फुकट वागवलं, हे तेव्हा ताजं असतं. गावात पोचलं की आपण वेगळेच होतो.

तिसरं: हिशेब. हॉट स्प्रिंग्जनंतर माझा पुढचा शिधा टेनेसीतल्या अर्विनला, सुमारे ११० किलोमीटर पुढे. माझ्या चालीने पाच दिवस. दिवसाला ७५० ग्रॅम धरलं तर पावणेचार किलो. डोंगरात दिवसभर ओझं घेऊन चालताना शरीर चार हजार कॅलरी सहज जाळतं. ७५० ग्रॅममध्ये तेवढ्या कोंबायच्या तर ग्रॅममागे पाचच्या वर कॅलरी हव्यात, आणि ते फक्त तेल-तूप-दाण्यांनीच साधतं. भात, पोहे साडेतीन-चारच्या घरात. शेंगदाणे पावणेसहा. तूप नऊ. मी सव्वातीन हजारांपर्यंत पोचत होते, उरलेली तूट गावात जेवून भरून काढायची.

ट्रेलवर प्रत्येकाला दुसऱ्यांनी दिलेलं टोपणनाव असतं. माझं 'घी' पडलं. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत तूप नेत असे आणि संध्याकाळी ज्याच्या-त्याच्या भांड्यात चमचाभर घालत असे. थंडीत गोठलेली बाटली जॅकेटच्या आत धरून बसलेली बाई, अशी माझी ओळख झाली होती.

तर यादी: शिजवून वाळवलेला झटपट भात, टॉर्टिया, पीनट बटरची ४५४ ग्रॅमची बरणी (एकटीच सव्वीसशे कॅलरींच्या वर), सुक्या बटाट्याचे पोहे, दाणे-मनुका, ओट्स, चीज, नूडल्सची पाकिटं. शाकाहारी मंडळींनी पाकिटाची मागची बाजू वाचायचीच. नूडल्सच्या मसाल्यात बहुधा कोंबडीचा अर्क असतो, वाटलेल्या राजम्यात डुकराची चरबी निघते, गोळ्यांमध्ये जिलेटिन. मी मसाल्याची पुडी काढून टाकते आणि घरचा गोडा मसाला नाहीतर मेतकूट घालते.

घरच्या गोष्टी पोस्टाने स्वतःलाच पाठवल्या होत्या. अमेरिकेत पोस्टात 'जनरल डिलिव्हरी' म्हणून पार्सल ठेवून घेतात, ओळखपत्र दाखवून न्यायचं. मेतकूट, गोडा मसाला, तूप, दाण्याची चटणी, डिंकाचे दहा लाडू, नवे मोजे. एवढंच. वार मात्र बघा. एका गावी मी शनिवारी संध्याकाळी पोचले आणि सोमवार सकाळपर्यंत अडकले. दोन रात्रींचे पैसे गेले आणि चालही तुटली. ते माझंच गणित चुकलं होतं.

मग दुकानाबाहेर फुटपाथवर बसून सगळी खोकी फोडली. पुठ्ठे, दुहेरी वेष्टनं, हवा भरलेल्या पिशव्या सगळं कचऱ्यात, आणि प्रत्येक दिवसाची एक पिशवी. शेजारी टेनेसीचे एक आजोबा हेच करत होते. त्यांनी मला भाताच्या पिशवीतली हवा काढायची रीत दाखवली: पिशवी तोंडापाशी बोटभर उघडी ठेवायची, मांडीखाली हळूच दाबायची आणि दाबलेली असतानाच बंद करायची. विटेसारखी चपटी झाली.

कपडे धुवायला टाकले तेव्हा अंगात फक्त रेनकोट आणि पावसाळी पँट. धुलाईच्या दुकानात अशीच चार माणसं बसली होती, कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

मी मुक्काम न करता संध्याकाळी पाचला नदीवरचा पूल ओलांडला आणि लव्हर्स लीपच्या चढाला लागले. गावात रात्र काढली की पाय जड होतात, मनही. वरून गावातले दिवे दिसत होते. डिंकाचा एक लाडू तिथेच खाल्ला.

तुम्ही लांबच्या वाटेवर शिधा कसा भरता? सह्याद्रीत, हिमालयात, कुठेही. जरूर लिहा.

---

घाटवाट – १८ नोव्हेंबर २०२३

ताई, अप्रतिम. वाचनखूण साठवली आहे. आम्ही जानेवारीत नाणेघाट ते भीमाशंकर करायचं म्हणतोय (जीवधन, ढाकोबा, दुर्ग, हातवीज, आहुपे). चौघे जण, चार-पाच दिवस. जुन्नरच्या बाजारातून सामान भरून घाटघरला निघायचं. आमच्यात दोन मतं आहेत. एकाचं म्हणणं वाटेत गावं आहेत, भाकरी-पिठलं मिळेल, काही नेऊ नका. मला ते पटत नाही.

गॅसचा अंदाज कसा घेता?

---

जास्वंद – १८ नोव्हेंबर २०२३

घाटवाट, फक्त पाणी उकळण्यापुरता वापरलात तर २३० ग्रॅमचा डबा मला एकटीला बारा दिवस पुरला. भात शिजवत बसायचं नाही. पाणी उकळलं की भात टाकून गॅस बंद, भांडं लोकरीच्या टोपीत गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचं. किती गॅस उरला ते बघायला डबा पाण्यात सोडा. नव्या डब्याची पाण्याची रेघ मार्करने ओढून ठेवा, मग वापरलेला किती वर तरंगतो ते कळतं. चौघांना अर्थात जास्त लागेल. आणि विमानात गॅस नेता येत नाही, लांबून येणारं कुणी असेल तर त्याला सांगा.

---

दुर्गभ्रमण – १९ नोव्हेंबर २०२३

घाटवाट, तुमचंच बरोबर आहे. मी या वाटेने तीनदा गेलो आहे. गावातली माणसं कधी नाही म्हणत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर भरवसा ठेवून जाऊ नये. अंधार पडल्यावर चार भुकेली माणसं दारात आली तर त्या घरची बाई स्वतःच्या उद्याच्या पिठात हात घालते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. डब्याच्या तळाला चिपटं घासल्याचा आवाज आला तेव्हा मला मान वर करता आली नाही.

जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, माणसं किती ते सांगा, आणि पैसे तिथल्या तिथे द्या. शक्य असेल तर जुन्नरवरून किलोभर तूरडाळ, गोडेतेल, चहा-साखर जास्तीची न्या आणि त्या घरात द्या. बाजार त्यांनाही लांबच असतो.

पाण्याचं मात्र कुणाच्या भरवशावर ठेवू नका. जानेवारीत ठीक आहे, तरी माणशी तीन लिटर.

---

रेवातीर – १९ नोव्हेंबर २०२३

नर्मदे हर!

जास्वंदताई, आपला लेख वाचून २०१६ ची परिक्रमा आठवली. ओंकारेश्वरहून उचलली होती. आमच्याकडे शिध्याची रीत अगदी उलट. परिक्रमावासीने साठवायचं नाही. आश्रमात किंवा गावात 'सदाव्रत' मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची. तेवढं रांधायचं, खायचं, उद्याचं उद्या. मैया बघून घेते.

पहिले आठ दिवस मला हे जमलं नाही. नोकरीत उभं आयुष्य भांडार विभागात गेलं, साठा मोजणं हाच धंदा. झोळीत गुपचूप दोन बिस्किटांचे पुडे आणि गुळाचा खडा ठेवायचो. एका गावी एका म्हाताऱ्या आजींनी सदाव्रत देताना ओंजळीने पीठ घातलं. तीन ओंजळी. चौथी भरली आणि थांबल्या, माझ्या झोळीकडे बघितलं, म्हणाल्या, "बाबा, वजन मत करो, पेट देखो." ती चौथी ओंजळ त्यांनी माझ्या मागच्या साधूला घातली. त्या रात्री टिक्कड भाजताना मी बिस्किटं वाटून टाकली.

एक मात्र खरं. अन्नाची चिंता मैयेवर सोडली तरी बाकीच्या वस्तूंसाठी बाजार लागतोच. बडवानीला पोचलो तेव्हा साबण, बॅटरीचे सेल, रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या आणि चपलांचे पट्टे घेतले. पुढे शूलपाणीची झाडी. तिथे आदिवासी बांधवांनी मक्याची भाकरी दिली, तिची चव अजून जिभेवर आहे.

---

कोस्टल_कोथरूड – १९ नोव्हेंबर २०२३

+१ रेवातीर काका. चौथ्या ओंजळीपाशी थांबलो आणि परत वाचलं.

---

दक्षिणोत्तर – २० नोव्हेंबर २०२३

छान लेख, पण पोस्टाच्या बाबतीत थोडा वेगळा अनुभव. मी २०१९ ला पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा कॅलिफोर्नियातला भाग चाललो (पूर्ण वाट मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, ४,२०० किलोमीटरच्या वर). निघायच्या आधी आईने आणि बायकोने मिळून अठरा खोकी भरली. प्रत्येकात थेपले, चिवडा, बेसनलाडू, सुकवलेली आमटी. पाचव्या खोक्यानंतर बेसनाचा वाससुद्धा नकोसा झाला. इतक्या मायेने केलेलं खाणं वाटसरूंच्या 'हायकर बॉक्स'मध्ये ठेवताना जिवावर आलं. (हा सगळ्यांसाठी ठेवलेला खोका असतो. नको ते ठेवायचं, हवं ते घ्यायचं.)

तरीही फक्त गावात विकत घ्या, हे सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी गाव म्हणजे पेट्रोल पंपाला चिकटलेलं एक दुकान, आणि तुमच्या पुढे चाळीस जण येऊन गेलेले. शाकाहारी माणसाला तिथे चिप्स आणि चॉकलेटच उरतं. माझं मत: अवघड गावांपुरतं खोकं, बाकी दुकान, आणि खोकी आधीच सगळी भरून ठेवू नयेत. घरच्यांनी आठवडाभर आधी फोन करून 'आता काय हवंय' ते विचारावं.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा डोंगररांगेत आणखी एक अडचण. तिथे बऱ्याच भागात अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यातच न्यावं लागतं. जे डब्यात मावतं तेवढंच तुमचं जेवण. चिवडा किती जागा खातो ते तिथे कळलं. कुटून नेला.

---

जास्वंद – २० नोव्हेंबर २०२३

रेवातीर काका, नमस्कार करते. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरी.

दक्षिणोत्तर, पटलं. म्हणूनच मी खोक्यात जेवण पाठवत नाही, चव पाठवते. भात गावातला, मेतकूट घरचं. पाव किलो मेतकूट मला तीन आठवडे पुरलं. कंटाळा येतो तो पदार्थाचा. चिमूटभर मसाल्याचा नाही येत.

---

सायली_द – २२ नोव्हेंबर २०२३

जास्वंदताई, एक विचारू? मीही एकटी करायचं म्हणते, पण घरून 'एकटी बाई' या मुद्द्यावर अडलंय. गावात उतरताना अनोळखी गाडीत बसावं लागतं ते तुम्ही कसं केलंत?

---

जास्वंद – २२ नोव्हेंबर २०२३

सायली, मी एकटीने कधीच गाडी थांबवली नाही. आदल्या रात्री शेल्टरला कोण कोण उद्या गावात जातंय ते विचारून ठेवायचे आणि दोघं-तिघं मिळून जायचो. काही ठिकाणी हॉस्टेलवाले ठरलेल्या वेळी घ्यायला येतात, थोडे पैसे घेतात, ते द्यावेत. आणि पहिल्या वेळी हॉट स्प्रिंग्जसारखी गावं निवड, जिथे वाटच गावातून जाते. अनोळखी माणसाला आज मुक्काम कुठे ते सांगायचं नाही, रस्त्याजवळ तंबू ठोकायचा नाही. रोज रात्री घरी ठिकाण कळवायचं. मी उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र घेतलं होतं, कारण डोंगरात फोन चालत नाही. घरच्यांची झोप त्या यंत्रामुळे शाबूत राहिली. आईला माझा हा प्रतिसाद वाचायला दे, आणि बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

निळा_डोंगर – ६ ऑक्टोबर २०२४

धागा वर काढतोय, कारण वाईट बातमी आहे. गेल्या आठवड्यात हेलेन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाची दैना केली. मी इथे तास-दीड तासावर राहतो. हॉट स्प्रिंग्जच्या मुख्य रस्त्यावरून नदी वाहिली. ताईंनी लिहिलाय तोच रस्ता. दुकानांत चिखल भरलाय. अर्विनजवळचा नोलिचकी नदीवरचा पूल, ज्यावरून ट्रेल जायची, तो वाहून गेला. आम्ही काही मराठी कुटुंबं शनिवारी फावडी घेऊन मदतीला निघतोय.

---

जास्वंद – ६ ऑक्टोबर २०२४

सकाळपासून फोटो बघतेय. ज्या फुटपाथवर बसून मी पिशव्या भरल्या होत्या तो ओळखू येत नाही. त्या पुलावरून मी अर्विनला पोचले होते, कठड्याला टेकून शेवटचा लाडू खाल्ला होता.

निळा_डोंगर, मी आणि नवरा येतो. व्यनि केला आहे. पुढच्या वर्षी या भागात चालायचं ठरवत असलेल्यांना विनंती: माझ्या लेखावर विसंबू नका, वाट कुठून वळवली आहे आणि काय उघडं आहे ते निघण्याआधी तपासा. आणि गाव सावरलं की तिथे थांबा, जेवा, विकत घ्या. मी त्या दिवशी संध्याकाळीच निघून गेले होते. आता गेले तर दोन रात्री राहीन.

---

घाटवाट – २ फेब्रुवारी २०२५

ताई, गेल्या जानेवारीत एकाचा पाय मोडल्यामुळे राहून गेलेलं, ते यंदा झालं! नाणेघाट ते भीमाशंकर, पाच दिवस, चौघे. जुन्नरला आधी मिसळ खाल्ली, मग यादी घेऊन बाजारात गेलो. माणशी दिवसाला ७०० ग्रॅम धरले होते. शेंगदाणे-गूळ पुरले, पोहे उरले, चहाची साखर तिसऱ्या दिवशी संपली. दुर्गभ्रमण, तुमचं ऐकून दोन किलो तूरडाळ आणि तेलाची पिशवी जास्तीची नेली होती. आहुप्यात आदल्या दिवशी फोन करून गेलो. मावशींनी डाळ बघितली आणि तिचीच आमटी केली आम्हाला, उरलेली ठेवून घ्यायला तयारच होईनात. शेवटी त्यांच्या सुनेने डबा पुढे केला.

मेतकूट विकतचं नेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला खवट वास यायला लागला. तुमचं घरचं तीन आठवडे कसं टिकलं?

---

जास्वंद – २ फेब्रुवारी २०२५

फार आनंद झाला वाचून!

माझ्या सासूबाईंचं प्रमाण देते. एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीदडाळ, पाव वाटी गहू, एक चमचा मेथ्या, एक चमचा मोहरी, दोन चमचे जिरे, सुंठेचा बोटभर तुकडा, हळद, हिंग, चवीपुरतं तिखट. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, तेलाचा थेंब न घालता भाजायचं. डाळ आतपर्यंत भाजली गेली पाहिजे, एक दाणा दाताखाली फोडून बघायचा, मऊ लागला तर अजून भाजायचा. मेथ्या करपू द्यायच्या नाहीत. पूर्ण गार झाल्यावर दळायचं, गरम दळलं की वाफ धरते आणि तिथूनच वास सुरू होतो. मीठ आधी घालायचं नाही, ते भातात. आणि एका मोठ्या पिशवीत न नेता चार छोट्या पुड्या करायच्या, म्हणजे रोज सगळ्याला हवा लागत नाही.

पुढच्या वेळी कुठे निघालात की पत्ता कळवा, दोन पुड्या पाठवते.